आय-टू-सी ते वन-वायर: पुलाचा लिनक्स ड्रायव्हर पहिल्यापासून लिहिताना

ज्या चिपची एक बाजू एका बसला (चिपा एकमेकींशी बोलतात त्या सामायिक तारांना) आणि दुसरी बाजू दुसऱ्या बसला जोडलेली असते तिला ब्रिज, म्हणजे पूल म्हणतात. संगणकाच्या मदरबोर्डवर पीसीआयचे पूल असतात, यूएसबीतून आय-टू-सीकडे, म्हणजे चिपांना जोडणाऱ्या दोन तारांच्या बसकडे नेणारे असतात, आय-टू-सीतून एसपीआयकडे नेणारेही असतात. या सगळ्यांच्या ड्रायव्हरमध्ये एक गोष्ट सारखी आहे. साध्या सेन्सरचा ड्रायव्हर कुणाचा तरी ग्राहक असतो. पुलाचा ड्रायव्हर मात्र एका बसवर ग्राहक आणि दुसऱ्या बसवर यजमान असतो. वरून आलेली विनंती त्याने खालच्या भाषेत सांगायची आणि खालचं उत्तर वर पोचवायचं. हे दुभाष्याचं काम आहे, आणि ज्या दुभाष्याला समोरच्याचं बोलणं ऐकू आलं नाही त्याने "ऐकू आलं नाही" असंच सांगायला हवं. स्वतःच्या मनाने वाक्य रचून सांगितलं तर दोन्ही बाजू फसतात. हा लेख ड्रायव्हरची बांधणी टप्प्याटप्प्याने दाखवेल, पण माझा जीव या एका मुद्द्यात आहे, म्हणून तिथे जास्त वेळ थांबणार आहे.

उदाहरणासाठी डीएस२४८२ ही चिप घेऊ. ती डॅलस सेमीकंडक्टरच्या वन-वायर घराण्यातली; वन-वायर म्हणजे डेटासाठी एकच तार वापरणारी बस. डॅलसला २००१ मध्ये मॅक्सिमने आणि मॅक्सिमला २०२१ मध्ये ॲनालॉग डिव्हाइसेसने विकत घेतलं, त्यामुळे जुन्या-नव्या डेटाशीटवर वेगवेगळी नावं दिसतील. चिपच्या एका बाजूला आय-टू-सी, दुसऱ्या बाजूला वन-वायर. वन-वायरवर बहुतेकांनी पाहिलेला सेन्सर म्हणजे डीएस१८बी२०, तापमान मोजणारा. लिनक्स कर्नलमध्ये या पुलाचा ड्रायव्हर आधीपासून आहे, ड्रायव्हर्सच्या फोल्डरात डब्ल्यू१ आणि त्याच्या आत मास्टर्समध्ये. तरीही तो स्वतः लिहून पाहण्यासारखा आहे. चिप छोटी आहे, आज्ञा मोजक्या आहेत, आणि पुलाच्या ड्रायव्हरचे जवळजवळ सगळे पेच तिच्यात आहेत.

एक खुलासा: फंक्शन आणि रजिस्टरांची (चिपमधल्या छोट्या नोंदींच्या जागांची) नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत, कोडात ती नेहमीच्या रोमन लिपीत टाइप करा. षोडशमान आकड्यांच्या आधी "हेक्स" लिहिलं आहे.

आधी पूल कशासाठी हे समजून घ्या

वन-वायरवर वेळ फार काटेकोर असते. बस रीसेट करायला यजमान तार किमान ४८० मायक्रोसेकंद खाली ओढून धरतो. मग सोडतो, आणि जे सेन्सर हजर आहेत ते ६० ते २४० मायक्रोसेकंदांची हजेरीची पल्स देतात. त्यानंतर एकेका बिटाला ६० मायक्रोसेकंदांहून थोडा जास्त वेळ. हे काम साध्या जीपीआयओ (सॉफ्टवेअरने थेट वर-खाली करता येणाऱ्या) पिनवरून प्रोसेसरनेही करता येतं, पण प्रत्येक बिटाच्या वेळी इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरचं चालू काम मधेच थांबवणारे संकेत, रोखून धरावे लागतात. व्यस्त यंत्रावर मधूनच एखादा बिट बिघडतो आणि का बिघडला ते सापडत नाही. डीएस२४८२ ही वेळ स्वतः सांभाळते. आपण आय-टू-सीवरून "हा बाइट लिही" एवढंच सांगायचं.

म्हणजे ड्रायव्हरच्या वाट्याला वेळ साधण्याचं काम उरत नाही. आज्ञा देणं, ती पुरी होण्याची वाट पाहणं आणि निकाल प्रामाणिकपणे वर कळवणं, इतकंच उरतं.

पहिला टप्पा: कोड लिहिण्याआधी चिपशी हाताने बोला

या टप्प्याला लोक फाटा देतात आणि मग दोन दिवस कोडात अशी चूक शोधत बसतात जी खरी सोल्डरिंगची असते. रास्पबेरी पाय (छोटा लिनक्स संगणक, पुढे नुसतं पाय) घ्या. त्याच्या ३ आणि ५ नंबरच्या पिनांवर आय-टू-सीची पहिल्या क्रमांकाची बस आहे आणि त्या दोन तारांना बोर्डावरच १.८ किलोओहमचे पुलअप, म्हणजे तार वर ओढून ठेवणारे, रोध आहेत. पुलाला ३.३ व्होल्ट द्या. चिप ५ व्होल्टवरही चालते, पण तेव्हा "एक" म्हणून ओळखायला तिला आय-टू-सीच्या तारांवर जास्त व्होल्टेज लागतं, आणि पाय तर ३.३ च्या वर जात नाही.

एका वाहिनीच्या डीएस२४८२-१०० चा पत्ता दोन पिनांनी ठरतो: हेक्स १८ ते १बी. दोन्ही पिना जमिनीला जोडल्या असतील तर १८. आय-टू-सी टूल्स या पॅकेजमधलं डिटेक्ट चालवा, जाळीत १८ दिसायला हवा. नसेल तर इथेच थांबा, पुढचं काहीही वाचू नका, वायरिंग तपासा.

दिसला, तर सेट आणि गेट या दोन साधनांनी पुढचा क्रम करा:

- हेक्स एफ० लिहा. ही चिप रीसेट करण्याची आज्ञा. मग एक बाइट वाचा. उत्तर हेक्स १८ यायला हवं.
- हेक्स डी२ आणि त्यामागोमाग हेक्स ई१ लिहा. हे कॉन्फिगरेशन.
- हेक्स बी४ लिहा. ही वन-वायर बस रीसेट करण्याची आज्ञा. मग एक बाइट वाचा. सेन्सर जोडलेला असेल तर हेक्स ०ए, नसेल तर हेक्स ०८.

पहिल्या ओळीतलं उत्तर १८ आणि चिपचा पत्ताही १८, हा निव्वळ योगायोग आहे. उत्तरातला १८ हा स्थिती रजिस्टरमधल्या दोन बिटांची बेरीज आहे. ते रजिस्टर पाठच करून ठेवा, पुढे सगळीकडे लागेल:

- बिट ०: वन-वायर व्यस्त आहे
- बिट १: हजेरीची पल्स दिसली
- बिट २: शॉर्ट आहे
- बिट ३: तारेची आत्ताची पातळी
- बिट ४: चिप रीसेट झाली होती
- बिट ५: वाचलेला एकटा बिट
- बिट ६: ट्रिप्लेटमधला दुसरा बिट (ट्रिप्लेट म्हणजे काय ते पाचव्या टप्प्यात)
- बिट ७: शोधात कुठल्या दिशेने गेलो

रीसेटनंतर बिट ३ आणि ४ लागलेले, म्हणून हेक्स १८. कॉन्फिगरेशन लिहिल्यावर बिट ४ आपोआप पुसला जातो. बस रीसेटनंतर बिट १ आणि ३, म्हणून ०ए.

कॉन्फिगरेशनचा नियमही इथेच समजून घ्या. खालच्या चार बिटांत आपल्याला हवं ते, वरच्या चार बिटांत त्याचंच उलटं. ॲक्टिव्ह पुलअप लावायचा म्हणजे खाली ०००१, तर वर १११०, म्हणून ई१. हे जुळलं नाही तर चिप ते मानत नाही. उलट वाचताना वरचे चार बिट शून्य येतात, त्यामुळे लिहिलेला बाइट आणि वाचलेला बाइट सरळ ताडून पाहू नका.

आता आकड्यांचा सापळा. या चिपमध्ये तेच आकडे वेगवेगळ्या अर्थांनी येतात. एफ० म्हणजे चिप रीसेट, एफ० म्हणजेच स्थिती रजिस्टरचा निर्देशांक, आणि वन-वायरवरच्या सेन्सरांना शोधायची आज्ञाही एफ०. डी२ ही कॉन्फिगरेशन लिहिण्याची आज्ञा, पण कॉन्फिगरेशन रजिस्टरचा निर्देशांक सी३. आठ वाहिन्यांच्या डीएस२४८२-८०० मध्ये सी३ ही वाहिनी निवडण्याची आज्ञा आणि वाहिनी रजिस्टरचा निर्देशांक डी२. अगदी अदलाबदल. म्हणून कोडात उघडे आकडे कुठेही नकोत. आज्ञांना एक उपसर्ग द्या, रजिस्टर निर्देशांकांना दुसरा, वन-वायर आज्ञांना तिसरा.

दुसरा टप्पा: सांगाडा

कर्नलच्या मूळ ड्रायव्हरशी गल्लत नको म्हणून आपल्या ड्रायव्हरला वेगळं नाव द्या, समजा पूल२४८२, आणि मूळ मॉड्यूल लोड होऊ देऊ नका. वन-वायरचं गाभ्याचं मॉड्यूल मात्र लागेल.

ड्रायव्हर आय-टू-सी ड्रायव्हर म्हणून नोंदवायचा. त्यात प्रोब (डिव्हाइस सापडल्यावर चालणारं फंक्शन), रिमूव्ह (ते काढताना चालणारं) आणि ओळख पटवणाऱ्या दोन याद्या: एक आय-टू-सी नावांची, दुसरी डिव्हाइस ट्रीसाठी, म्हणजे बोर्डावर कुठलं हार्डवेअर कुठे आहे ते कर्नलला सांगणाऱ्या वर्णनासाठी. नव्या कर्नलमध्ये प्रोब एकच आर्ग्युमेंट घेतं, आणि ६.१ पासून रिमूव्ह काहीच परत करत नाही. इंटरनेटवरचे जुने नमुने उतरवलेत तर इथे कंपायलर अडवेल.

प्रोबमध्ये काय करायचं ते क्रमाने:

आधी आय-टू-सी ॲडाप्टरला विचारा, एकटा बाइट वाचणं-लिहिणं आणि आज्ञेसोबत एक बाइट लिहिणं जमतं का. जमत नसेल तर "असं डिव्हाइस नाही" म्हणून परत या. मग आपल्या खाजगी स्ट्रक्चरला जागा घ्या, डिव्हाइससोबत आपोआप सुटणाऱ्या पद्धतीने, म्हणजे प्रत्येक चुकीच्या वाटेवर ती मोकळी करण्याची आठवण ठेवावी लागत नाही. त्यात चार गोष्टी पुरेत: आय-टू-सी क्लायंटचा पॉइंटर, म्यूटेक्स (एका वेळी एकाच धाग्याला, म्हणजे थ्रेडला, आत सोडणारं कुलूप), वाचन पॉइंटर (पुढचा बाइट कुठल्या रजिस्टरमधून येईल ते ठरवणारा) शेवटचा कुठे ठेवला होता त्याची नोंद, आणि कॉन्फिगरेशन. शिवाय वन-वायर मास्टरचं (म्हणजे यजमानाचं) स्ट्रक्चर, कारण तेच आपलं दुसरं तोंड.

मग चिप रीसेट करा, थोडं थांबा (अर्ध्या मायक्रोसेकंदाहून किंचित जास्त पुरतं), स्थिती वाचा. कर्नलमधला ड्रायव्हर इथे बरोबर हेक्स १८ ची अपेक्षा धरतो आणि दुसरं काही आलं तर ही आपली चिप नव्हे असं ठरवतो. मी थोडं वेगळं करतो. बिट ४ लागलेला नसेल तर चिप आपली नव्हे, हे ठीक. पण बिट ३ शून्य असेल तर त्याचा अर्थ वन-वायरची तार कुठेतरी जमिनीला टेकली आहे. चिप आपलीच आहे आणि निरोगी आहे. सेन्सरच्या केबलला उंदराने कुरतडलं म्हणून "चिप सापडली नाही" असा लॉग आला तर दुरुस्ती करणारा माणूस चुकीच्या टोकाला जाईल. तिथे इशारा छापा आणि पुढे चला.

शेवटी कॉन्फिगरेशन लिहा, म्यूटेक्स तयार करा, आणि मगच वन-वायर मास्टर नोंदवा. हा क्रम महत्त्वाचा आहे. नोंदणी झाल्या क्षणापासून वन-वायरचा धागा शोध सुरू करू शकतो, म्हणजे आपली फंक्शनं प्रोब संपण्याआधीच बोलावली जातात. त्यानंतर म्यूटेक्स तयार केला तर उशीर झालेला असतो.

तिसरा टप्पा: वाट पाहणारं फंक्शन

अख्ख्या ड्रायव्हरचा कणा हे एकच फंक्शन आहे. बाकी सगळी त्याच्या आधाराने उभी राहतात.

    मोकळी_होईपर्यंत_थांब(पूल):
        चूक = वाचन_पॉइंटर_ठेव(पूल, स्थिती)
        चूक < ० असेल तर: परत चूक
        १०० वेळा:
            स = आयटूसी_बाइट_वाच(पूल)
            स < ० असेल तर: परत स
            स चा बिट ० शून्य असेल तर: परत स
        परत उणे_टाइमआउट

१०० हा आकडा हवेतून आलेला नाही. वन-वायरच्या एका बाइटला चिपला साधारण ५६० मायक्रोसेकंद लागतात, बस रीसेटला सव्वा मिलिसेकंदाच्या आसपास. आय-टू-सी १०० किलोहर्ट्झवर असेल तर एक स्थिती वाचायला पत्ता आणि बाइट मिळून १८ घड्याळी ठोके, म्हणजे सुमारे २०० मायक्रोसेकंद. बाइटसाठी तीनेक फेऱ्यांत काम होतं. ४०० किलोहर्ट्झवर एक वाचन ५० मायक्रोसेकंदांचं, तेव्हा १०० फेऱ्या म्हणजे ५ मिलिसेकंद. रीसेटच्या चौपट. म्हणजे दोन्ही वेगांना सैल पण मर्यादित. मर्यादा नसलेली फेरी कधीही लिहू नका. चिप अडकली की आपला धागाही तिच्यासोबत कायमचा अडकतो.

"स" हा चिन्ह असलेला पूर्णांक ठेवा. आय-टू-सीचं वाचन-फंक्शन चुकीच्या वेळी ऋण आकडा देतं. तो आठ बिटांच्या चलात ठेवला की ऋण चिन्ह गळून पडतं आणि चूक एखाद्या साळसूद बाइटसारखी दिसू लागते.

वाचन पॉइंटरबद्दल थोडं. चिपमधून एक बाइट वाचला की कुठल्या रजिस्टरचा मिळेल हे त्या पॉइंटरवर अवलंबून. वन-वायरच्या आज्ञेनंतर तो आपोआप स्थितीवर जातो, कॉन्फिगरेशन लिहिल्यावर कॉन्फिगरेशनवर, वाहिनी निवडल्यावर वाहिनी रजिस्टरवर. त्याची नोंद आपल्याकडे ठेवली तर दर वेळी पॉइंटर हलवण्याची फेरी वाचते. पण कुठलीही आज्ञा फसली की नोंदीत लगेच "अज्ञात" लिहा. अर्धवट गेलेल्या आज्ञेनंतर पॉइंटर कुठे आहे हे आपल्याला माहीत नसतं, आणि माहीत असल्यासारखं वागलं तर डेटाऐवजी स्थिती वाचली जाईल.

चौथा टप्पा: वाचणं, लिहिणं, रीसेट, आणि चुकीला काय उत्तर द्यायचं

बाइट लिहायचा: थांबा, हेक्स ए५ आणि बाइट पाठवा. बाइट वाचायचा: थांबा, हेक्स ९६ पाठवा, पुन्हा थांबा, पॉइंटर डेटा रजिस्टरवर म्हणजे ई१ वर न्या, वाचा. पहिलं थांबणं गाळू नका. वन-वायर व्यस्त असताना दिलेली आज्ञा चिप नाकारते. बस रीसेट: थांबा, बी४ पाठवा, थांबा, आलेल्या स्थितीत आधी बिट २ पाहा, म्हणजे शॉर्ट, आणि तो स्वच्छ असेल तरच बिट १ वर, म्हणजे हजेरीवर विश्वास ठेवा.

कोड म्हणून एवढंच. खरा पेच या फंक्शनांच्या घडणीत आहे. लिनक्सच्या वन-वायर गाभ्यात बाइट वाचणारं फंक्शन चिन्ह नसलेला आठ बिटांचा आकडा परत करतं. लिहिणारं काहीच परत करत नाही. म्हणजे आय-टू-सीची तार तुटली तर ते वर सांगायला सरळ वाटच नाही. उत्तरासाठी ० ते २५५ एवढेच आकडे, आणि त्यातला प्रत्येक आकडा खरा डेटा असू शकतो.

मी पहिल्यांदा हा ड्रायव्हर लिहिला तो द्राक्षांच्या एका शीतगृहासाठी. चूक झाली की शून्य परत करायचं अशी मला सवय होती, आणि मी सगळीकडे तेच केलं. पाय आणि पूल यांच्यामधला कनेक्टर एका रात्री सैल झाला. रीसेटच्या फंक्शनने शून्य परत केलं, आणि वन-वायरच्या गाभ्यात रीसेटचं शून्य म्हणजे "सेन्सर हजर आहे". बाइट वाचणाऱ्या फंक्शनने नऊ वेळा शून्य परत केलं. डीएस१८बी२० चं स्क्रॅचपॅड (आतली छोटी मेमरी) नऊ बाइटांचं असतं, नववा बाइट पहिल्या आठांचा सीआरसी, म्हणजे डेटा बिघडला का ते ओळखणारा तपासणीचा आकडा. आठ शून्यांचा सीआरसी शून्यच येतो, त्यामुळे तपासणी पास. वरचं वाचन मी माझ्या छोट्या प्रोग्रॅमने करत होतो, त्याने सगळं बरोबर मानून तापमान दाखवलं: ०.० अंश. द्राक्षं उणे १ ते ० अंशांवर ठेवतात. पडद्यावर हवं तेच तापमान दिसत होतं, रात्रभर. सकाळी तिथल्या कामगाराने हातातला थर्मामीटर पेट्यांजवळ धरला तेव्हा कळलं की खोली आत गरम होत चालली आहे. त्या माणसाला त्या दिवशी मी मनापासून धन्यवाद दिले आणि परत येऊन ड्रायव्हरची एकूण एक परत येणारी किंमत पुन्हा तपासली.

तेव्हापासूनचा माझा नियम: फंक्शनला चूक सांगता येत नसेल तर अशी किंमत परत करा जी वरच्या थराला "काहीच मिळालं नाही" अशीच वाचता येईल. वन-वायरवर तार मोकळी सोडली की ती वर ओढलेली राहते, म्हणजे कुणीच बोललं नाही तर सगळे एक दिसतात. म्हणून

- वाचन फसलं तर हेक्स एफएफ. नऊच्या नऊ बाइट एफएफ आले तर सीआरसी जुळत नाही, कारण आठ एफएफांचा सीआरसी सी९ येतो.
- रीसेट फसला, किंवा शॉर्ट दिसला, तर १, म्हणजे कुणी हजर नाही.
- ट्रिप्लेट फसलं तर दोन्ही बिट १. शोधाच्या भाषेत त्याचाही अर्थ कुणी उत्तर दिलं नाही.

कर्नलमधला ड्रायव्हर रीसेट आणि ट्रिप्लेटला हेच करतो. चुकीचं निदान करायला लॉग आहेच, पण तिथे दर वेळी ओळ छापू नका, मर्यादा घातलेला छापणारा प्रकार वापरा. तार तुटलेली असताना सेकंदाला शेकडो ओळी पडल्या तर कामाची ओळ वाहून जाते.

वरचा प्रोग्रॅम तुमचाच असेल तर तिथेही एक अडसर घाला: नऊही बाइट शून्य असतील तर सीआरसी जुळला तरी ते वाचन टाकून द्या. आणि ८५ अंश दिसले तर त्याकडे संशयाने पाहा. वीज आल्यावर पहिलं मोजमाप होण्याआधी डीएस१८बी२० हाच आकडा दाखवतो, म्हणजे मधे त्याची वीज गेली असावी.

रीसेटच्या फंक्शनमध्ये आणखी एक काम उरकून घ्या. आलेल्या स्थितीत बिट ४ लागलेला दिसला तर पूल मधेच रीसेट झाला आहे, बहुधा विजेच्या झटक्याने, आणि त्याचं कॉन्फिगरेशन गेलं आहे. ते पुन्हा लिहा. प्रत्येक वन-वायर संवादाची सुरुवात रीसेटने होते, त्यामुळे दुरुस्तीला याहून चांगली जागा नाही.

पाचवा टप्पा: ट्रिप्लेट

प्रत्येक वन-वायर सेन्सरचा ६४ बिटांचा क्रमांक असतो: ८ बिट घराण्याचे (डीएस१८बी२० साठी हेक्स २८), ४८ अनुक्रमाचे, ८ सीआरसीचे. बसवर कोण कोण आहे ते शोधताना यजमान प्रत्येक बिटाला तीन गोष्टी करतो. सगळ्यांचा तो बिट वाचतो, त्याचं उलटं वाचतो, मग कुठल्या बाजूला जायचं तो बिट लिहितो. पहिल्या दोन्ही वेळा शून्य आलं तर दोन्ही प्रकारचे सेन्सर हजर आहेत, दोन्ही वेळा एक आलं तर कुणीच नाही.

एकेका बिटाच्या आज्ञेने (हेक्स ८७) हे केलं तर एका सेन्सरला १९२ आज्ञा. डीएस२४८२ मध्ये तिन्ही कामं एका झटक्यात करणारी आज्ञा आहे, हेक्स ७८. त्यामुळे ६४ आज्ञांत काम होतं. वन-वायर गाभ्याला ट्रिप्लेटचं फंक्शन दिलं की तो तेच वापरतो. अंमलबजावणी अगदी छोटी: थांबा, आज्ञा आणि आवडती दिशा पाठवा (एकसाठी एफएफ, शून्यासाठी ००), थांबा, आलेली स्थिती पाच घरं उजवीकडे सरकवून परत करा. गाभ्याला बिट ज्या क्रमाने हवेत त्याच क्रमाने ते स्थिती रजिस्टरमध्ये बसलेले आहेत.

सहावा टप्पा: कुलूप

आय-टू-सीचा व्यवहार झोपू शकतो, म्हणून स्पिनलॉक (आत असताना झोपू न देणारं कुलूप) चालणार नाही, म्यूटेक्सच हवा. एक वाहिनी असेल तर वन-वायर गाभ्याचं स्वतःचं कुलूप बरंचसं सांभाळून घेतं. आठ वाहिन्यांच्या चिपमध्ये मात्र प्रत्येक वाहिनी वेगळा मास्टर म्हणून नोंदवली जाते, प्रत्येकीचं कुलूप वेगळं, आणि खाली यंत्रणा एकच. म्हणून वाहिनी निवडण्यापासून निकाल वाचण्यापर्यंतचं सगळं आपल्या एकाच म्यूटेक्सच्या आत हवं. वाहिनी निवडून कुलूप सोडलं आणि आज्ञेसाठी पुन्हा घेतलं, तर मधल्या फटीत दुसरा धागा वाहिनी बदलून जातो. स्वयंपाकघरातल्या सेन्सरचं तापमान अंगणातल्याच्या नावावर लागतं, सीआरसी बिनचूक जुळतो, आणि चूक कधीही सापडत नाही.

वाहिनी निवडल्यावर उलट वाचून खात्री करा. निवडायला पाठवलेला कोड आणि वाचून येणारा कोड वेगळे असतात (शून्याव्या वाहिनीला एफ० पाठवला की बी८ परत येतो), म्हणून दोन वेगळे तक्ते ठेवा.

सातवा टप्पा: जोरकस पुलअप

दोनच तारांवर चालणारे सेन्सर डेटाच्या तारेतूनच वीज घेतात. तापमान मोजताना, १२ बिटांच्या अचूकतेला ७५० मिलिसेकंदांपर्यंत, त्यांना जास्त करंट लागतो. त्यासाठी गाभा आपल्याला आगाऊ सांगतो की पुढच्या बाइटनंतर जोर लाव, आणि आपण कॉन्फिगरेशनमधला बिट २ लावून ठेवायचा. पुढची वन-वायर आज्ञा आली की चिप तो जोर काढून घेते. याचा परिणाम आठ वाहिन्यांच्या चिपवर लक्षात घ्या: एका वाहिनीवरचा सेन्सर मोजत असताना दुसऱ्या वाहिनीवर आज्ञा गेली तर पहिल्याची वीज तुटते. तिथे सेन्सर तीन तारांनीच जोडा, सॉफ्टवेअरने हे झाकायचा प्रयत्न करू नका.

आठवा टप्पा: जोडणं आणि सोडणं

डिव्हाइस ट्रीत आय-टू-सी बसच्या आत एक नोड, त्यात कंपॅटिबल आणि पत्ता, एवढं पुरे. त्याआधी चाचणीसाठी सिसएफएसमधल्या (कर्नलमधली डिव्हाइसं फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या फोल्डरातल्या) त्या बसच्या न्यू-डिव्हाइस या फाइलमध्ये ड्रायव्हरचं नाव आणि पत्ता लिहा, प्रोब लगेच चालेल. रिमूव्हमध्ये क्रम उलटा: आधी वन-वायर मास्टर काढा, म्हणजे वरून नवी विनंती येणं बंद होतं, बाकीचं नंतर. आठ वाहिन्यांत पाचव्याची नोंदणी फसली तर आधीच्या चार काढून मगच प्रोबमधून बाहेर पडा.

नववा टप्पा: मोडून पाहा

सेन्सर जोडला, तापमान दिसलं, म्हणजे काम झालं असं मानू नका. चाचणीच्या कर्नलमध्ये कुलपांची तपासणी करणारं लॉकडेप आणि मेमरीच्या चुका पकडणारं केएसॅन सुरू करा, आय-टू-सीचे ट्रेस इव्हेंट चालू ठेवा, म्हणजे तारेवर खरोखर काय गेलं ते दिसतं. वन-वायरचा गाभा मुळात दर १० सेकंदांनी शोध घेतो. ट्रेस वाचताना तो मधेमधे डोकावतो, म्हणून त्या वेळेपुरता शोध बंद करा. मग पुढचं एकेक करा.

ड्रायव्हर बाइंड आणि अनबाइंड करणारी फेरी हजार वेळा चालवा, मधे दुसऱ्या धाग्याने तापमान वाचत राहा. वन-वायरची तार जमिनीला टेकवा आणि लॉगमध्ये शॉर्टचा उल्लेख येतो का पाहा. चिपची वीज दोन सेकंद काढा आणि परत द्या, पुढच्याच रीसेटला कॉन्फिगरेशन पुन्हा लिहिलं जातं का ते ट्रेसमध्ये शोधा. आणि सगळ्यात शेवटी, वाचन चालू असताना पाय आणि पूल यांच्यामधला कनेक्टर हाताने उपटा. पडद्यावर चूक दिसायला हवी. एखादं तापमान दिसलं, कितीही पटण्यासारखं असलं तरी, तर चौथ्या टप्प्यावर परत जा.